अंगठा माझा, नेम त्याचा

"वर!" माझा भाऊ ओरडला, म्हणून मी अंगठा वर ढकलला, आणि आमचा माणूस गच्चीवरच्या शत्रूकडे बघायचं सोडून स्वतःच्या बुटांकडे बघत मेला.

"वर म्हटलं ना!"

"वरच केलं!"

"अगं, वर बघ म्हटलं. वर ढकल नाही म्हटलं."

हे असं प्रत्येक रविवारी चालायचं. ज्यांना या खेळातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि मला कळत नव्हतं तेव्हा कोणी धड सांगितलं नव्हतं म्हणून जरा नीटच सांगते. बंदुकीच्या खेळात हातात एक पॅड असतं. त्यावर दोन छोट्या स्टिक, एक डाव्या अंगठ्याखाली, एक उजव्या. डाव्या स्टिकने पडद्यावरचा माणूस चालतो, उजवीने तो बघतो आणि नेम धरतो. बहुतेक लोकांचं असं, की उजवी स्टिक वर ढकलली की माणसाने वर बघायचं. सरळ हिशोब. पण काही थोडे लोक असे असतात, की त्यांना स्टिक वर ढकलली की माणूस खाली बघायला हवा असतो आणि मागे ओढली की वर. त्यांच्यासाठी मेनूत वेगळी सोय असते, तिचं नाव इन्व्हर्टेड. आमच्या घरात तिला उलटं म्हणतात, आणि माझा भाऊ पहिल्यापासून उलटा. लहानपणी त्याला पहिला खेळ मिळाला तो विमानाचा, आणि विमानाचा दांडा मागे ओढला की विमान वर जातं. तेव्हा जे डोक्यात बसलं ते बसलं.

पण मग वर ढकलायला मी तिथे काय करत होते, हा प्रश्न राहतोच. तर पॅड एक आणि धरणारी माणसं दोन. डावी बाजू त्याच्या डाव्या हातात, उजवी बाजू माझ्या उजव्या हातात, आणि आम्ही कोचावर खांद्याला खांदा लावून बसलेलो. चालायचा तो, बघायचे मी. बंदूक झाडायचं बटणही माझ्याच बाजूला होतं.

भाऊ छापखान्यात मशीनवर होता. रोलर पुसायचे तर आधी मशीन बंद करायचं, हे त्यानेच नव्या पोरांना शिकवलेलं. एका दुपारी घाई होती, मशीन सावकाश फिरत होतं, आणि त्याने फिरत्या रोलरला फडकं लावलं. फडक्याबरोबर उजवा हात आत गेला. कोणाला दोष द्यायची सोय नाही. हात वाचला, टाके पडले, परत उघडून परत शिवला. आता तो दिसायला हातासारखा आहे, पण अंगठा आणि पहिली दोन बोटं सांगितलेलं ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, थोडं येईल, सगळं येणार नाही, आणि किती ते आत्ता सांगता येणार नाही. माझ्या भावाने त्यातलं 'येईल' तेवढं ऐकलं.

तेव्हापासून तो उजव्या हाताची वाट बघत बसला होता. पाहुणे यायचे म्हणून दार उघडं ठेवून बसावं तसा. हाताचा व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी यायच्या, त्या दर वेळी जाताना सांगायच्या, "डावा हात कामाला लावा. खाणं, लिहिणं, सगळं." हा मान हलवायचा आणि काही करायचा नाही. शर्टाची बटणं आई लावायची. जेवताना चमचा उजव्या तळव्याला पट्टीने बांधून घ्यायचा आणि अर्धं जेवण मांडीवर सांडायचा, पण डाव्या हातात चमचा धरायचा नाही. का, तर म्हणे डाव्याला सवय लागली की उजवा आळशी होईल. आमची आई पूर्वी उठता बसता म्हणायची, आपला हात जगन्नाथ, उठा आणि वाढून घ्या. अपघातानंतर तिने ते म्हणणं सोडून दिलं.

आणि हे सगळं अंगवळणी पडलं असतं, एक गोष्ट नसती तर. छापखान्याचे मालक स्वतः घरी येऊन सांगून गेले होते की मशीनवर आता नको, पण कंप्युटरवर पानं लावायच्या टेबलापाशी जागा रिकामी आहे. "तुला छपाईतलं जेवढं कळतं तेवढं त्या कंप्युटरवाल्यांना कळत नाही. माऊस डाव्या हाताने धर, महिनाभर चुकशील, मग येईल." भाऊ म्हणाला, बघतो. मालकांनी जागा धरून ठेवली. पण रुमाल टाकून धरलेली जागा किती वेळ राहते? आई रोज त्याच्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. मी बोलायचे, आणि मग आमचं वाजायचं.

तर खेळाचं. रविवारी दुपारी त्याची जुनी चौकडी ऑनलाइन जमायची. बोका, गुरुजी, चष्मा, ही सगळी टोपणनावं, आणि हा. शाळेपासूनचे मित्र, आता चार दिशांना पांगलेले. त्यांना याने खरं काय ते सांगितलंच नव्हतं. हाताला जरा लागलंय, एवढंच. बरेच रविवार तो काहीतरी कारण सांगून टाळत राहिला, आणि मग एका रविवारी माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, जरा उजवी बाजू धरतेस?"

अपघातानंतर त्याने माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलं. नाही कशी म्हणणार?

मी आल्टरेशनच्या दुकानात काम करते. पँटी आखूड करायच्या, कमरा सैल करायच्या, लोकांनी खाल्लेलं कापडात सामावून घ्यायचं. बंदूक मी जन्मात चालवली नव्हती, पडद्यावरचीसुद्धा. पण हात माझा हलका आहे, दुकानातले मास्तरही म्हणतात. मला वाटलं, एक अंगठा तर हलवायचाय.

पहिल्या रविवारी आम्ही इतक्या वेळा मेलो की बोका विचारायला लागला, "काय रे, डोळ्यांनाही लागलंय का?" त्यांचे आवाज टीव्हीतून यायचे. भावाच्या गळ्यात माईक असायचा आणि तो बोलायचं तेव्हाच चालू करायचा, म्हणजे आमची भांडणं त्यांना जायची नाहीत. मी तिथे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

मी त्याला म्हटलं, "मेनूत जा आणि ते उलटं सुलटं कर. मला सरळ कळतं."

"नाही."

"का नाही?"

"माझं सेटिंग आहे ते."

"अंगठा माझा आहे, तर सेटिंग माझं."

"अंगठा तुझा," तो म्हणाला, "पण नेम माझा आहे."

मग मी दुसरं सुचवलं. मेनूत डाव्या आणि उजव्या बाजूची अदलाबदल करायचीही सोय होती. डाव्या स्टिकने नेम, उजवीने चाल. म्हणजे नेम त्याच्याच हातात राहील आणि मी नुसती चालेन. चालताना काय, फार तर भिंतीवर आपटेन.

"डाव्या हाताने नेम?" तो म्हणाला. "त्यापेक्षा गोट्या खेळतो."

म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी हात टेकले आणि उलटं शिकायचं ठरवलं. पण डोक्यात काही शिरेना. वर म्हणजे खाली, हे कुठल्या शहाण्याने काढलं? तेव्हा त्याने मला खुर्चीत बसवलं, मागे उभा राहिला आणि डाव्या हाताने माझा अंबाडा पकडला.

"हे तुझं डोकं. ही स्टिक." त्याने अंबाडा पुढे ढकलला. "आता काय दिसतंय?"

"फरशी. आणि सोड, दुखतंय."

त्याने अंबाडा मागे ओढला. "आता?"

"छत."

"मग? मागे ओढलं की वर. तुझं डोकंसुद्धा उलटंच आहे, तुला पत्ता नाही एवढंच."

आई स्वयंपाकघरातून बघत होती. तिला वाटलं आम्ही हातघाईवर आलो. पण मला ते पटलं, नाही म्हणता येईना. तरी वर आणि खालीचा घोळ राहिलाच, कारण तो 'वर' म्हणाला की नजर वर की अंगठा वर, हे मला ऐन गोळीबारात ठरवता यायचं नाही. शेवटी आम्ही ते दोन्ही शब्द बाद केले. वर बघायचं तर छत, खाली बघायचं तर फरशी. मग दुपारभर आमच्या घरातून "छत! छत! जरा फरशी! थांब, छत!" असं ऐकू यायचं. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं की घराचं काम काढलंय का, आणि आमच्या भिंतीलाही ओल आलीय तर तो माणूस इकडे पाठवा.

मी एकटी सराव करायला लागले. दुकानात जायच्या आधी, तो अंघोळीला गेला की. कोणी शत्रू नाही, नुसतं एका खोलीत उभं राहायचं आणि दिव्याकडे बघायचं, पायरीकडे बघायचं, खिडकीच्या चौकटीवरून नजर फिरवायची. नव्या माणसाला मशीनवर पहिल्यांदा नुसती सरळ शिवण मारायला देतात तसं. सुरुवातीला अंगठा अडायचा. मग एके दिवशी अडला नाही. कसा ते मला सांगता येणार नाही, पण त्या दिवसापासून वर बघायचं म्हटलं की अंगठा आपोआप मागे यायला लागला.

त्यानंतरचा रविवार मला आठवतो. छत आणि फरशी म्हणायची गरजच पडली नाही. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला, तो वळायच्या आधी मला कळायचं. तो कोपऱ्यावरून निघाला की मी आधीच बघितलेलं असायचं. आम्ही जिंकलो, परत जिंकलो. शेवटची गोळी मी पाण्याच्या टाकीमागे लपलेल्या माणसाला मारली, नुसतं डोकं दिसत होतं त्याचं. बोका टीव्हीतून ओरडला, "आला रे आला! हात आला परत!" गुरुजी शिट्ट्या मारत होते. मी तोंडावर पदर दाबून हसत होते, आवाज जाऊ नये म्हणून. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

भावाने माईक चालू केला. "मग? म्हटलं होतं ना, येईल म्हणून."

मला वाटलं गंमत करतोय. मी त्याच्याकडे बघितलं तर तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, आणि चेहऱ्यावर गंमत नव्हती.

त्या दिवशी जेवताना तो आईला म्हणाला, "हात येतोय मला वाटतं." आईचा चेहरा असा उजळला की मला बोलवेना. चमचा अजून पट्टीनेच बांधलेला होता आणि मांडीवर फडकं पसरलेलं होतं. व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा त्याने त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी बोटं दाबून बघितली, वाकवून बघितली, आणि म्हणाल्या, "पूर्वीइतकीच आहेत." तो म्हणाला, आतून येतंय, बाहेरून दिसत नाही.

माणसं 'माझा उजवा हात' असं म्हणतात ना, भरवशाच्या माणसाला? मी ती झाले होते, आणि त्यामुळे त्याला स्वतःच्या डाव्या हाताची गरजच उरली नव्हती. हे मला कळलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग संताप आला.

शनिवारी मालकांचा फोन आला. मी दाराशी बसून दुकानातून आणलेल्या एका कोटाचं अस्तर उसवत होते. फोन आईने त्याच्या कानाला लावून दिला, तोही तो डाव्या हातात धरेना.

"नाही मालक, कंप्युटर नको," तो म्हणाला. "मी मशीनवरच येतो. उजवा येतोय. हो, खरंच. मित्रांनीपण बघितलं. त्या जागेवर दुसऱ्याला बसवलंत तरी चालेल."

मालक काहीतरी बराच वेळ बोलले. शेवटी एवढं ऐकू आलं की उद्याचा दिवस विचार कर, परवा मला कोणाला तरी बसवावंच लागेल.

मी कोट खाली ठेवला. "मित्रांनी काय बघितलं?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मित्रांनी माझा अंगठा बघितला. माझा!"

"तू धरतेस म्हणजे मीच धरतोय ना, ताई. कुठे बघायचं ते मी ठरवतो."

"आता तेही ठरवत नाहीस. मागच्या रविवारी तू एकदा तरी छत म्हणालास का?"

त्याने मान फिरवली. मग म्हणाला, "तुला नसेल धरायचं तर तसं सांग." आणि उठून आतल्या खोलीत गेला. आई मला म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला. तेवढा एक विरंगुळा आहे त्याला, तोही काढून घे." मी कोट परत उचलला. कितीही राग आला तरी लोकांचं अस्तर कोणी आपल्यासाठी उसवून ठेवत नाही.

रविवारी दुपारी मी काही न बोलता त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याला वाटलं, भांडण मिटलं. मलाही तसंच वाटलं होतं, मी काही ठरवून गेले नव्हते. खेळ सुरू झाला. पहिला माणूस मी मारला, दुसरा मारला. बोका म्हणाला, "काय हात चाललाय तुझा!" आणि भाऊ माईकमध्ये म्हणाला, "आता पुढच्या महिन्यात मशीनवर जातो."

मी अंगठा उचलला. पॅडची माझी बाजू त्याच्या मांडीवर ठेवली, उठले आणि स्वयंपाकघरात गेले. अंगठा दाखवणं म्हणतात ते मी त्या दिवशी अक्षरशः केलं.

"काय झालं?" आई म्हणाली.

"काही नाही. आता तो खेळेल."

"कसा खेळेल? जा, धर त्याचं."

"नाही."

"मग मी धरते." आई हात पुसत खरोखरच निघाली. बंदुकीचं ब सुद्धा तिला माहीत नाही. मी तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. ती हिसका देत होती, मी ओढत होते, आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्याला असं एकटं टाकून येणं मला सोपं गेलं नाही. मी ते आईला सांगितलंही. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

बाहेरून टीव्हीतले आवाज येत होते. "अरे भिंतीकडे काय बघतोयस?" हा चष्मा. "तुझ्या मागे आहे, मागे! वळ ना!" हा बोका. मग गोळ्यांचा आवाज, मग गुरुजी म्हणाले, "हा हलतोय पण बघत नाहीये. नेट गेलं वाटतं."

मग भावाचा आवाज आला.

"नेट आहे," तो म्हणाला. "हात नाही."

त्याने सगळं सांगितलं. रोलर, फडकं, टाके, बोटं. आम्हालाही त्याने कधी इतकं सलग सांगितलं नव्हतं. "इतके दिवस ताई धरत होती उजवी बाजू," तो म्हणाला. "त्या टाकीमागच्याला ताईने मारलं."

मग गुरुजी म्हणाले, "तरीच. मी म्हटलं, हा आयुष्यात इतका चांगला कधी खेळला नव्हता." आणि तिघेही हसायला लागले. माझा भाऊपण हसला, नाक ओढत.

"आणि डावा?" बोक्याने विचारलं.

"डावा आहे की."

"मग घोडं कुठे पेंड खातंय?"

यावर त्याने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मेनू उघडल्याचा आवाज मात्र ओळखता आला, टिक टिक टिक. आई आणि मी दारात येऊन उभ्या राहिलो. त्याची पाठ आमच्याकडे होती. त्याने दोन्ही बाजूंची अदलाबदल केली. चाल उजवीकडे गेली, नेम आणि बंदुकीचं बटण डावीकडे आलं. उजवा हात पॅडवर नुसता वजनासारखा ठेवला होता.

पडद्यावर शत्रूच्या बाजूचे सगळे निघून गेले होते आणि एका रिकाम्या चौकात बोक्याचा माणूस समोर येऊन उभा होता. "मी हलत नाही," बोका म्हणाला. "मार मला."

भावाने नेम धरला आणि गोळी ढगात गेली. परत धरला, गोळी फरशीत. स्टिक थोडी ओढायला जायचा आणि नजर भलतीकडेच उडायची. ज्याने वर्षानुवर्षं धावत्या माणसाला टिपलं, त्याला उभा माणूस लागेना. चष्मा म्हणाला, घाई नको. गुरुजी म्हणाले, आम्हाला कुठे जायचंय. त्याची मान घामाने ओली झालेली मला दिसत होती, आणि मी माझा उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून ठेवला होता, कारण तो आपण होऊन पुढे जाऊ बघत होता.

मग तो थांबला. परत मेनूत गेला. खाली खाली येत इन्व्हर्टेडवर आला आणि तिथे बराच वेळ नुसता बसून राहिला. आईने मला हळूच विचारलं, "काय करतोय?" मी सांगितलं, "काही नाही." त्याने ते बंद केलं.

मग चौकात परत आला. अंगठा हळू हळू वर ढकलला, आणि नजर हळू हळू वर गेली, बोक्याच्या बुटांवरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून छातीवर. गोळी लागली.

"मेलो!" बोका आनंदाने ओरडला. "मेलो रे, मेलो!"

भाऊ मागे न बघता म्हणाला, "ताई, दारात उभी राहू नकोस. चालायला ये."

मी जाऊन माझ्या नेहमीच्या जागी बसले आणि उजवी बाजू धरली. चालणं मला वाटलं तितकं सोपं नव्हतं, मी त्याला सरळ नेऊन एका कारंज्यात उभं केलं.

"गंमत बघ," तो माईक बंद करून म्हणाला. "डाव्याला उलटं येतच नाही गं. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं ना. तो सरळ आहे."

"म्हणजे मी उगाच शिकले?"

"आता काय, तू पण सरळ कर."

"मला आता सरळ येत नाही!" मी ओरडले, आणि ते खरं होतं. आजही येत नाही. भाच्यांच्या घरी गेले की पोरं माझ्या हातात पॅड देतात आणि मी सगळ्यांदेखत बुटांकडे बघत मरते.

मग चौघं आपसातच खेळले, आणि त्या दिवशी आम्ही दोघं एकूण एक डाव हरलो. चष्म्यानेसुद्धा आम्हाला दोनदा मारलं, आणि तो एरवी कोणालाच मारू शकत नाही. शेवटी सगळे आपापल्या कामाला गेले, टीव्ही बंद झाला. भावाने पॅड बाजूला ठेवलं आणि डाव्या हाताने टेबलावरचा फोन उचलला. आई उठली, फोन धरून द्यायला. त्याने मानेनेच नको म्हटलं. डाव्या अंगठ्याने नंबर शोधताना त्याने पहिला फोन भलत्याच माणसाला लावला, सॉरी म्हणाला, परत शोधला.

"मालक," तो म्हणाला, "उजव्याचं काही सांगता येत नाही. तो येईल नाहीतर नाही येणार. मी उद्या येतो."